१.० टीएसआयचा स्टेज १ रिमॅप: खान्देशच्या उन्हात किती टिकतो?

डिसेंबरात सकाळी काढलेला डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद बघून मे महिन्यातल्या गाडीचा अंदाज बांधता येत नाही. भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी दोन वाजता तीच गाडी, इंजिनाच्या संगणकातली तीच फाईल आणि तोच ड्रायव्हर असला तरी पिकअप वेगळा लागतो. म्हणून हे परीक्षण उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून केलं आहे. फोक्सवॅगन-स्कोडाच्या ९९९ सीसी, तीन सिलिंडरच्या १.० टीएसआय या टर्बो पेट्रोल इंजिनासाठी मिळणारा स्टेज १ रिमॅप धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या माणसाने घ्यावा का, आणि घेतला तर कसला घ्यावा, एवढाच इथे प्रश्न आहे.

व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया आणि कुशाकमध्ये हे इंजिन ११५ पीएस ताकद आणि १७८ एनएम टॉर्क (ओढ) देतं. शेवटच्या काळातल्या पोलोत ते ११० पीएस आणि १७५ एनएमचं होतं. स्टेज १ म्हणजे एकही पार्ट न बदलता फक्त ईसीयूतली (इंजिनाच्या संगणकातली) फाईल बदलायची. बहुतेक ट्यूनर (रिमॅप करणारे) १३० ते १४० पीएस आणि २०० ते २३० एनएम सांगतात, आणि भाव साधारण २५ ते ४५ हजारांत असतो.

आमचं मत सुरुवातीलाच देतो. टॉर्क २०० ते २१० एनएमवर थांबवणारी, ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बांधलेली आणि कडक उन्हात लॉग (गाडी चालताना घेतलेल्या नोंदी) तपासून दिलेली फाईल असेल, तर पाचपैकी चार गुण. २३० एनएमची, ९७ किंवा १०० ऑक्टेनवर बांधलेली फाईल असेल, तर खान्देशात पाचपैकी दोनच.

आधी फायदा बघू. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर चोपडा, यावल, रावेरच्या बाजूला केळीचे ट्रक एकामागे एक लागलेले असतात. तिथे शून्य ते शंभर या आकड्याचा काही उपयोग नाही. तिथे लागतो तो ८० ते १२० मधला जोर. दोन माणसं धरून १,३५० किलोची गाडी ८० वरून १२० ला न्यायला सुमारे ४१६ किलोज्यूल ऊर्जा लागते. चाकापर्यंत पोचणारी ताकद आणि हवेचा विरोध धरून हिशोब केला, तर मूळ गाडीला आठ सेकंदांच्या जवळ लागतात आणि १५ टक्के वाढीव ताकदीवर सव्वा सेकंद वाचतो. ऐकायला हे थोडं वाटतं. पण समोरची गाडीही शंभरच्या वेगात असेल, तर दोघांमधलं अंतर दर सेकंदाला ५५ मीटरने कमी होत असतं. सव्वा सेकंद म्हणजे जवळपास ७० मीटर मोकळा रस्ता. रिमॅपचे पैसे यासाठीच द्यायचे. (महामार्गाची वेगमर्यादा रिमॅपने वाढत नाही, हेही लक्षात असू द्या.)

दुसरा फायदा घाटात कळतो. तोरणमाळ चढताना किंवा चाळीसगावहून कन्नडकडे जाताना दुसऱ्या गिअरवरून तिसरा टाकल्यावर मूळ गाडी जरा बसते. चांगल्या फाईलमध्ये १,८०० ते ३,००० आरपीएमचा पट्टा भरून निघतो आणि गाडी तिसऱ्यातच ओढत राहते.

आता उष्णतेकडे येऊ, कारण खान्देशात सगळं तिथेच अडतं. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. टर्बोच्या (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याच्या) गाडीला ही तूट लगेच जाणवत नाही, कारण ईसीयू टर्बोला जास्त फिरवून दाब भरून काढतो. त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. टर्बो हवेचा दाब दुप्पट करतो आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के आहे असं धरा. आत येणारी हवा २५ अंशांची असेल तर बाहेर पडताना ती साधारण ११८ अंश होते, ४५ ची असेल तर १४५. म्हणजे बाहेरचा २० अंशांचा फरक आत २७ अंशांचा होतो.

ही हवा थंड करायचं काम या इंजिनात पाणी करतं. इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा भाग) इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याच्या) आतच बसवलेला आहे आणि त्याच्यातून कूलंट फिरतो. या कूलंटचं सर्किट मुख्य रेडिएटरपासून वेगळं, कमी तापमानाचं असतं आणि त्याला स्वतःचा इलेक्ट्रिक पंप असतो. टर्बोचं थंड होणंही याच सर्किटवर चालतं. म्हणून ‘समोर मोठा इंटरकूलर टाकून देतो’ असं कुणी म्हणालं, तर त्याला या इंजिनाची रचना ठाऊक नाही असं समजा. इथे हवेचा इंटरकूलर सरळ बसत नाही. बाहेर ४५ अंश असताना सर्किटचं पाणी ४५ च्या खाली जाऊच शकत नाही. ते पन्नाशीच्या वर राहतं, आणि सलग दोन-तीन वेळा पूर्ण पाय दिला की इनटेकची हवा ६० ते ६५ अंशांवर जाते.

हवा तापली की नॉकिंगची (मिश्रण अवेळी, आपोआप पेटण्याची) भीती वाढते, म्हणून ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो, म्हणजे टायमिंग मागे घेतो. मूळ फाईलमध्ये इनटेकच्या तापमानाप्रमाणे टायमिंग मागे घेणारा आणि टॉर्क कमी करणारा एक तक्ता असतो. घाईने केलेल्या स्वस्त फाईलमध्ये हा तक्ता सपाट करून टाकतात, कारण त्यामुळे डायनोवर आकडा छान येतो आणि गाडी पहिल्या दिवशी तुफान पळते. मग उन्हाळ्यात सगळा भार एकट्या नॉक सेन्सरवर येतो. तो आधी नॉक होऊ देतो आणि नंतर सावरतो. पिस्टनच्या कडा आणि रिंगांमधल्या पट्ट्या त्यातच झिजतात. ट्यूनरला विचारायचा पहिला प्रश्न म्हणून हाच असावा: इनटेक तापमानाच्या करेक्शनला हात लावला आहे का, आणि किती? उत्तर गोल गोल मिळालं, तर तिथून उठा.

लॉग काढायला फार खर्च येत नाही. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन हा स्कॅनर लावून सात गोष्टी एकत्र नोंदवायच्या: आरपीएम, ईसीयूने मागितलेला बूस्ट (टर्बोचा दाब), मिळालेला बूस्ट, इनटेकचं तापमान, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे गेलं, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), आणि इंधनाच्या रेलचा दाब. दुपारी, एसी चालू, टाकीत नेहमीचं पेट्रोल. मोकळ्या सरळ रस्त्यावर, शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात लॅपटॉप देऊन, तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून ४,५०० पर्यंत पूर्ण पाय द्यायचा. त्याच्या वरचं डायनोवर बघायचं, कारण तिसऱ्यात वेग लगेच शंभरीच्या पुढे जातो. अशा चार ओढी एका मिनिटाच्या अंतराने घ्या.

पहिली ओढ सगळ्यांचीच चांगली येते, तुम्ही चौथी बघा. तीन सिलिंडरच्या तीन रकान्यांत १.५, २, १.५ असे आकडे दिसले तर फाईल निरोगी आहे. ३ अंशांपर्यंत चिंता नाही. ३, ६, ३ असं दिसलं, म्हणजे एकच सिलिंडर पुन्हा पुन्हा मागे जात असेल, तर आधी त्याचा प्लग आणि कॉइल तपासा, मग फाईलला दोष द्या. तिन्ही रकाने ५-६ च्या वर गेले तर फाईलमध्ये बूस्ट आणि टायमिंग दोन्ही जास्त आहेत. टायमिंग एवढं मागे गेलं की जळण उशिरा संपतं, एक्झॉस्ट तापतो, तो थंड ठेवायला ईसीयू जादा पेट्रोल सोडतो आणि लॅम्डा १ वरून ०.८ कडे उतरतो. गाडी मंद होते, ॲव्हरेजही जातं, आणि मालक म्हणतो की रिमॅप ‘उतरला’. रिमॅप उतरत नसतो, ईसीयू इंजिन वाचवत असतो.

मिळालेला बूस्ट मागितलेल्याच्या खाली राहत असेल, तर आधी पाइपचे जोड आणि क्लॅम्प बघा. रेलचा दाब वरच्या आरपीएमला खाली येत असेल, तर कारण बहुधा पेट्रोलमध्ये सापडतं. ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला त्याच हवेसाठी ई१० (१० टक्के इथेनॉलच्या) पेक्षा वजनाने सुमारे ४ टक्के जास्त इंधन लागतं. दोन-तीन वर्षांपूर्वी बांधलेली जुनी फाईल आज जशीच्या तशी लिहून दिली, तर हाय-प्रेशर पंपाची शेवटची ताकद तिथेच खर्च होते. फाईल ई२० वर तपासली आहे का, हे लेखी घ्या. इथेनॉलमुळे आत थोडा गारवा येतो आणि नॉकला आळा बसतो हे खरं आहे, पण तो फायदा फाईल त्या पेट्रोलवर बांधली असेल तरच पदरात पडतो.

ऑक्टेनचंही तसंच. तुमच्या रोजच्या पंपावर जे मिळतं त्यावरच फाईल बांधून घ्या. शंभर ऑक्टेनची फाईल घ्यायची आणि साक्री किंवा पारोळ्याला टाकी रिकामी झाली की साधं पेट्रोल भरायचं, यात इंजिनाचं नुकसान आहे. ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांवर विसंबून राहू नका. टाकीत नक्की किती ऑक्टेन झालं ते तुम्हाला कळत नाही आणि ट्यूनरलाही नाही.

फाईल टाकण्याआधी गाडी तयार करायची असते. या भागात एक काम हमखास राहून जातं. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या आसपास, कापसाच्या गाड्यांच्या मागे, रस्त्यावर पांढरे पुंजके उडत असतात. ते पुढच्या जाळीतून आत शिरतात. बंपरच्या खालच्या फटीतून टॉर्च मारून बघा. एकामागोमाग बसलेल्या रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या मधल्या फटीत कापूस, काळ्या मातीची धूळ आणि किडे मिळून राखाडी नमद्यासारखा थर बसलेला दिसतो, नखाने खरवडला तर गादीतल्या जुन्या कापसासारखा तुकडा निघतो. बाहेरची जाळी चकचकीत असते, म्हणून वॉशिंग सेंटरवर हे कुणाच्या लक्षात येत नाही. प्रेशरच्या पाण्याने फिन्स चेपतात आणि थर अजून आत दाबला जातो. बंपर सोडवून, साध्या नळीने मागच्या बाजूकडून पुढे पाणी मारायचं आणि मऊ ब्रशने वरून खाली ओढायचं. वर्षातून एकदा, मार्चमध्ये. हजार-दीड हजाराच्या या कामाने उन्हाळ्यात इनटेकचं तापमान जेवढं खाली येतं, तेवढं कुठल्याही फॅन्सी पार्टने येत नाही.

कूलंट बदलताना कंपनीच्या स्पेसिफिकेशनचाच घ्या आणि डिस्टिल्ड पाण्याशी निम्मं-निम्मं करा. बोअरचं पाणी घालू नका, क्षाराने मॅनिफोल्डमधल्या बारीक वाटा बंद होतात. भरल्यावर हवा काढणं महत्त्वाचं. या दुसऱ्या सर्किटमध्ये हवेचा फुगा अडकला की पंप नुसता फिरतो आणि मुख्य टेम्परेचरचा काटा मात्र ९० वर शांत असतो. मिस्तरीकडे स्कॅनरवरून पंप चालवून हवा काढायची सोय नसेल, तर हे काम त्याच्याकडून करून घेऊ नका.

प्लग तिन्ही एकदम बदला. स्टेज १ ला मूळ प्लग चालतात, पण गॅप ०.७ मिमीच्या आसपास ठेवा, कारण दाब वाढला की मोठ्या गॅपमध्ये ठिणगी विझते आणि गाडी चौथ्या गिअरला झटके मारते. उन्हाळ्यात जास्त पळवणार असाल तर एक पायरी थंड प्लग घ्या. इथे एक गफलत नेहमी होते: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड असतो, बॉशमध्ये आकडा कमी झाला की. दुकानदार ‘एक नंबर वरचा’ देतो आणि उलटाच प्लग गाडीत बसतो.

ऑइलबद्दल आग्रहाने सांगतो. लहान टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कमी आरपीएमला ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. त्याला एलएसपीआय म्हणतात, आणि त्याचा एखादा जोरदार फटका पिस्टन फोडू शकतो. फोक्सवॅगनची मान्यता असलेलं आणि सोबत एपीआय एसपी लिहिलेलं ऑइल घ्या. एसपी हा दर्जा २०२० मध्ये आला आणि त्यात या धोक्याची चाचणी आहे. सुमारे ४ लिटर लागतं. कंपनी १५,००० किलोमीटर सांगते, रिमॅपनंतर ७,५०० ला बदला. आणि पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये १,४०० आरपीएमवरून पूर्ण पाय देणं सोडा. फाईलने तळाला टॉर्क दिला की हा मोह वाढतो, म्हणूनच चांगला ट्यूनर २,००० च्या खाली बूस्ट मुद्दाम आवरून ठेवतो. त्या जागी सपाट वाटणारी फाईल ही खरं तर जाणत्याने केलेली फाईल असते.

रिमॅपऐवजी पाचर लावावी तसा मध्ये बसणारा ट्यूनिंग बॉक्स मिळतो, काढून ठेवता येतो म्हणून लोकांना आवडतो. त्याला आमच्याकडून दीड गुण. तो बूस्टच्या सेन्सरचा सिग्नल कमी करून दाखवतो, ईसीयूला वाटतं दाब कमी आहे, आणि तो टर्बोला वाढवायला सांगतो. पण त्याच चुकीच्या आकड्यावरून ईसीयू इंजिनावरचा भार कमी समजतो आणि टायमिंग पुढे ठेवतो. म्हणजे दाब जास्त आणि ठिणगीही लवकर. थंडीत निभावून जातं. जळगावच्या मे महिन्यात हेच नॉकिंगला आमंत्रण ठरतं.

मॅन्युअल गाडीत पहिला बळी क्लचचा जातो. पोलोच्या मॅन्युअल गिअरबॉक्सचं नाव एमक्यू२००, आणि नावातला आकडा टॉर्कच्या वर्गाचा आहे. २३० एनएमच्या फाईलला दोनच गुण देण्याचं एक कारण हे. फाईल टाकण्याआधी पाचव्या गिअरमध्ये ताशी ६० ला, चढावर, पूर्ण पाय देऊन बघा. आरपीएम वर गेला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच आधीच संपलेला आहे. बदलायचा झाला तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदला, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच लागते. सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि तो गिअरबॉक्स २५० एनएमच्या वर्गातला आहे, त्यामुळे तिथे जागा जास्त. पण फाईलमधला टॉर्कचा हिशोब खोटा असेल, म्हणजे इंजिन २२० देत असताना गिअरबॉक्सला १८० सांगितले जात असतील, तर गिअर बदलताना दणका बसतो. डेमोच्या फेरीत दुसऱ्यावरून तिसरा पडताना लक्ष द्या. ऑटोमॅटिकचं ऑइल ‘आयुष्यभराचं’ असं सांगितलं तरी ६०,००० ला बदला.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. उघडा कोन एअर फिल्टर घेऊ नका, तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो आणि काळ्या मातीची पिठासारखी धूळ टर्बोच्या पात्यांवर जाऊ देतो. मूळ कागदी फिल्टर दर १०,००० ला बदलला की पुरे. डम्प व्हॉल्व्हने (टर्बोचा जादा दाब बाहेर सोडणाऱ्या झडपेने) फक्त आवाज येतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढलेला डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) प्रदूषणाच्या नियमाविरुद्ध आहे आणि स्टेज १ ला लागतही नाही. टायर आणि ब्रेक फ्लुइडवर मात्र खर्च करा. लळिंग किंवा बिजासन घाट उतरताना जुन्या फ्लुइडला उकळी फुटली, तर पाच-पंचवीस पीएसचा काही उपयोग नाही.

कागदपत्रांचं स्पष्ट सांगितलं पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडू शकतो. इंजिन आणि गिअरबॉक्सची वॉरंटी गेली असंच धरून चला. बदललेली फाईल ओळखली गेली की फोक्सवॅगन समूहाच्या यंत्रणेत त्या गाडीवर टीडी१ अशी खूण पडते, आणि नंतर मूळ फाईल परत टाकली तरी ती पुसली जात नाही. वॉरंटी चालू असेपर्यंत थांबलेलं बरं, हे आमचं ठाम मत.

पैसे देताना चार गोष्टी बिलावर लिहून घ्या: मूळ फाईलची प्रत तुमच्या पेन ड्राइव्हवर, फाईल कोणत्या ऑक्टेनवर बांधली, सिलिंडरवार लॉगची प्रत, आणि एप्रिल-मेमध्ये एकदा मोफत फेरतपासणी. पाचवी जमली तर उत्तम: सर्व्हिस सेंटरने ईसीयू अपडेट केला की तुमची फाईल पुसली जाते, तेव्हा ती पुन्हा टाकून द्यायचे किती पैसे. सर्व्हिसला गाडी देताना जॉब कार्डवर ‘विचारल्याशिवाय सॉफ्टवेअर अपडेट करू नये’ असं लिहून घ्या, आणि परत आल्यावर स्कॅनर लावून ईसीयूचा सॉफ्टवेअर नंबर आधीच्या नंबराशी ताडून बघा.